निकालाची प्रतीक्षा : कर्करोगानंतरचे भय आणि त्याला तोंड देण्याचे उपाय

कर्करोगावरील उपचार संपले म्हणजे त्या रोगाशी असलेला संबंध संपला, असे होत नाही. शस्त्रक्रियेची जखम भरून येते, किरणोपचाराने झालेला दाह ओसरतो, गळालेले केस पुन्हा उगवतात. परंतु ठरावीक महिन्यांनी रुग्णालयात जाऊन तपासणी करून घेण्याचे बंधन पुढे कित्येक वर्षे राहते. ही तपासणी जवळ आली की, एरवी आपल्या उद्योगात रमलेला मनुष्य अस्वस्थ होऊ लागतो. त्याची झोप उडते, अन्नावरची वासना जाते, लहानसहान गोष्टींवरून तो घरच्या माणसांवर चिडतो. तपासणी होऊन जाते; पण तिचा निकाल हाती येईपर्यंतचे दोन-चार दिवस पुष्कळांना प्रत्यक्ष उपचारांच्या काळापेक्षाही जड जातात.

हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की वैद्यकशास्त्राला त्याची स्वतंत्र दखल घ्यावी लागली. २०१६ साली या विषयाच्या अभ्यासकांनी एकमताने त्याची व्याख्या निश्चित केली : कर्करोग परत येईल किंवा वाढेल या शक्यतेविषयी वाटणारे भय, काळजी अथवा चिंता. त्याआधी १९८१ साली अमेरिकेतील कूचर व ओमॅली या दोन संशोधकांनी बालपणी कर्करोगातून वाचलेल्या मुलांच्या मनःस्थितीवर एक ग्रंथ लिहिला आणि तिला ‘डॅमोक्लिसची अवस्था’ असे नाव दिले. सिराक्यूजच्या राजाने डॅमोक्लिस नावाच्या आपल्या स्तुतिपाठकाला मेजवानीस आपल्या आसनावर बसविले आणि त्याच्या डोक्यावर घोड्याच्या एका केसाने नंगी तलवार टांगून ठेवली, अशी ग्रीक कथा आहे. पुढे पंचपक्वान्ने असूनही डॅमोक्लिसला घास गिळवेना. कर्करोगातून बऱ्या झालेल्या मनुष्याची स्थिती पुष्कळदा अशीच असते.

हे भय कोठून येते, त्याचा अर्थ काय, आणि त्याच्यासह प्रतीक्षेचे दिवस कसे काढावेत, याचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे. रुग्णाइतकाच तो त्याच्या घरच्या माणसांना आणि शेजाऱ्यांनाही उपयोगी पडावा अशी अपेक्षा आहे.

स्कॅनमध्ये काय दिसते

ज्याची भीती वाटते ती वस्तू नीट ओळखून घेणे, हा भीतीवरील पहिला उपाय होय. म्हणून प्रथम स्कॅन म्हणजे काय ते पाहू.

सी. टी. स्कॅन हे क्ष-किरणांचेच पुढचे रूप आहे. त्यात शरीराभोवती फिरणाऱ्या यंत्राने अनेक दिशांनी मोजमापे घेतली जातात आणि संगणक त्यांतून शरीराच्या पातळ चकत्यांची चित्रे तयार करतो. या पद्धतीने पहिल्या रुग्णाची तपासणी १९७१ साली लंडन येथे झाली. तिच्या शोधाबद्दल हाउन्सफील्ड व कॉर्मॅक यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सी. टी. स्कॅन अवयवांचा आकार दाखवितो. त्या जागी चाललेले पेशींचे कार्य दाखविण्यासाठी पेट स्कॅन वापरतात. त्यात ग्लुकोजसारख्या एका पदार्थाला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडून तो शिरेतून टोचतात. ज्या पेशी ग्लुकोज अधिक प्रमाणात शोषून घेतात त्या जागा चित्रात उजळ दिसतात. या फ्लोरिनचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असते. म्हणजे तेवढ्या वेळात त्याचा किरणोत्सर्ग निम्मा होतो व एका दिवसात तो जवळजवळ नाहीसा होतो. हा पदार्थ साठवून ठेवता येत नसल्याने तो तयार करणारे सायक्लोट्रॉन यंत्र जवळपास असावे लागते. भारतात अशी वैद्यकीय सोय प्रथम २००२ साली मुंबईत परळ येथे झाली. अजूनही ही यंत्रे मुख्यतः मोठ्या शहरांत असल्यामुळे कित्येक रुग्णांना दूरच्या गावाहून प्रवास करून, परक्या शहरातील धर्मशाळेत राहून निकालाची वाट पाहावी लागते. त्यांच्या प्रतीक्षेचे ओझे अर्थातच दुप्पट असते.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. पेट स्कॅनमधील प्रत्येक उजळ ठिपका हा कर्करोग नसतो. मेंदू नेहमीच ग्लुकोज वापरीत असल्यामुळे तो सर्वांच्याच चित्रात उजळ दिसतो. जेथे जंतुसंसर्ग आहे, जखम भरून येत आहे किंवा किरणोपचारानंतरचा दाह शिल्लक आहे, तेथील पेशीही ग्लुकोज अधिक घेतात. आपल्या देशात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने क्षयाने सुजलेल्या लसीकाग्रंथी उजळ दिसणे ही डॉक्टरांच्या नित्य परिचयाची गोष्ट आहे. अहवालातील ‘लीजन’ या शब्दाचा अर्थ ‘बदल झालेली जागा’ एवढाच आहे, आणि ‘नोड्यूल’ म्हणजे लहान गाठ; ती कशाची आहे हे त्या शब्दात सांगितलेले नसते. ‘एस. यू. व्ही.’ या अक्षरांपुढील आकडा त्या जागेने किती पदार्थ शोषला ते दर्शवितो. परंतु अमुक आकड्याच्या वर कर्करोग आणि खाली निरोगी, अशी रेषा आखता येत नाही. म्हणून बहुतेक अहवालांच्या शेवटी रुग्णाच्या प्रकृतीशी ताडून पाहण्याची सूचना असते. तेव्हा पाकीट फोडून एकेक शब्द स्वतःच उलगडीत बसणाऱ्या मनुष्याच्या हाती ज्ञानापेक्षा घबराटच अधिक येते.

विलंबाचा अर्थ

प्रतीक्षा करणारे मन प्रत्येक गोष्टीत संकेत शोधते. यंत्र चालविणारा तंत्रज्ञ बोलला नाही, एखादे चित्र त्याने पुन्हा घेतले, अहवाल सांगितल्या वेळी मिळाला नाही. यांतील प्रत्येक गोष्ट अशुभ वाटू लागते. वस्तुतः निदान सांगणे हे तंत्रज्ञाचे काम नाही व तसा त्याला अधिकारही नाही. म्हणून चित्र चांगले असो वा वाईट, तो गप्पच राहतो. रुग्णाने श्वास घेताना किंचित हालचाल केली तरी चित्र पुन्हा घ्यावे लागते. एका तपासणीत शेकडो चित्रे असतात. ती सर्व पाहून मागील खेपेच्या चित्रांशी ताडावी लागतात आणि कधी कधी निरनिराळ्या शाखांच्या डॉक्टरांना एकत्र बसून विचार करावा लागतो. विलंबाची कारणे बहुधा अशीच साधी असतात.

कधी तर प्रतीक्षा हाच उपचाराचा भाग असतो. घशाच्या व मानेच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. भारतात डोके व मान या भागांचे कर्करोग फार आढळतात. किरणोपचार व औषधोपचार संपताच पेट स्कॅन केला तर दाहामुळे सारा भाग उजळ दिसेल. म्हणून सुमारे १२ आठवडे थांबतात. हे थांबणे रुग्णाला असह्य वाटते, पण त्याचे फळ मोठे आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासाचा वृत्तान्त २०१६ साली प्रसिद्ध झाला. मानेतील ग्रंथींत रोग पसरलेल्या ५६४ रुग्णांचे त्यात दोन गट केले होते. एका गटाच्या मानेवर पूर्वापार पद्धतीने शस्त्रक्रिया करावयाची होती. दुसऱ्या गटात १२ आठवडे थांबून पेट स्कॅन करावयाचा आणि गरज दिसली तरच शस्त्रक्रिया करावयाची, असे ठरले होते. पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात केवळ ५४. आणि जगण्याच्या प्रमाणात दुसरा गट मागे पडला नाही. ज्या स्कॅनची धास्ती वाटते त्यानेच पुष्कळांची मान शस्त्रापासून वाचविली, असा याचा अर्थ.

अनिश्चिततेचे ओझे

वाईट बातमीपेक्षा बातमीची वाट पाहणे अधिक कठीण, असे रुग्ण सांगतात. हा केवळ बोलण्याचा प्रकार नव्हे. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एक मार्मिक प्रयोग करण्यात आला व २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. ४५ स्वयंसेवकांना संगणकावरील एका खेळात दगड उलटवून त्याखाली साप आहे की नाही ते ओळखावयास सांगितले. साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसे. त्यांचा घाम व डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार यांवरून त्यांच्यावरील ताण मोजला गेला. झटका बसणारच हे ठाऊक असताना ताण सर्वांत अधिक असेल असे कोणासही वाटेल. परंतु तो सर्वांत अधिक आढळला तो झटका बसण्याची व न बसण्याची शक्यता समसमान असताना.

शरीराच्या दृष्टीने याचे कारण समजण्यासारखे आहे. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल हे स्राव रक्तात मिसळतात. हृदय वेगाने चालते, स्नायू ताठतात, पोटातील पचनाचे काम मंदावते. समोर साप असेल तर मनुष्य पळतो किंवा काठी उचलतो आणि या सिद्धतेचा उपयोग होतो. स्कॅनच्या निकालापुढे पळण्यास वाट नाही व उचलण्यास काठी नाही. सिद्ध झालेले शरीर काही न करता तसेच दिवसेंदिवस ताठून राहते. छातीत धडधडणे, पोटात गोळा येणे, मान दुखणे, पहाटे जाग येणे हे सारे त्यातून उद्भवते.

भय म्हणजे बातमी नव्हे

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. ‘या खेपेस मला फार भीती वाटते आहे, त्या अर्थी काहीतरी असणार,’ असे पुष्कळ रुग्ण म्हणतात. भीतीला ते आतून आलेली सूचना मानतात. परंतु आपण आत्ताच पाहिले की भीतीचे प्रमाण अनिश्चिततेवर अवलंबून असते. शरीरात रोग आहे की नाही याची वार्ता त्या भीतीला नसते. ज्यांचा निकाल निर्मळ येतो ते आणि ज्यांचा तसा येत नाही ते, दोघेही आदल्या रात्री सारखेच तळमळलेले असू शकतात.

याच्या उलट बाजूची समजूतही तितकीच घातक आहे. ‘वाईट विचार मनात आणू नका, नाही तर रोग परत येईल,’ असे हितचिंतक बजावतात. त्यामुळे भीती तर जात नाहीच, उलट भीती वाटल्याचा अपराध रुग्णाच्या माथी बसतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन व त्यांचे सहकारी यांनी डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. रुग्णाची भावनिक स्थिती चांगली की वाईट, यावरून तो किती काळ जगेल हे सांगता येत नाही, असे त्यात दिसून आले. न्यूयॉर्कमधील जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी कर्करोग्यांच्या मनाचा अभ्यास ही एक स्वतंत्र शाखा म्हणून उभी केली. सदैव आशावादी राहण्याच्या सक्तीला त्या जुलूम म्हणत असत. रुग्णाने रडल्याने गाठ वाढत नाही व हसल्याने ती विरत नाही. मन शांत ठेवावयाचे ते दिवस सुखाने जावेत म्हणून.

मात्र एका मार्गाने भय खरोखर अपाय करते. भीतीपोटी काही रुग्ण तपासणीच टाळतात. तारीख पुढे ढकलतात, ‘सणवार होऊन जाऊ द्या’ म्हणतात. रोग परतलाच असेल तर लवकर कळण्याने जो लाभ झाला असता तो त्यामुळे हातचा जातो. भीती असली तरी तारीख चुकवावयाची नाही, हा नियम सर्वांनी पाळावा.

प्रतीक्षेच्या दिवसांची आखणी

भीती समूळ घालविण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेगनर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले. तेव्हा ते अस्वल त्यांच्या मनात पुनःपुन्हा येऊ लागले. म्हणून भीतीला हुसकावण्यापेक्षा तिला ठरावीक जागा नेमून द्यावी. पुढील उपाय या दृष्टीने उपयुक्त ठरतात.

१. निकालाची व्यवस्था आधीच ठरवावी. अहवाल कोणत्या दिवशी मिळेल, तो कोण आणील, डॉक्टर तो कधी समजावून सांगतील, हे स्कॅनच्या दिवशीच विचारून लिहून ठेवावे. शक्यतो अहवाल व डॉक्टरांची भेट एकाच दिवशी असावी, म्हणजे पाकीट हाती घेऊन अर्थ लावीत बसण्याची वेळ येत नाही. भेटीस जाताना विश्वासातील एक मनुष्य बरोबर असावा. भीतीच्या भरात अर्धे बोलणे कानावर पडत नाही.

२. चिंतेला वेळ नेमून द्यावी. हा उपाय अमेरिकेतील बॉर्कोवेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली सुचविला. दिवसाकाठी अर्धा तास, एकाच वेळी व एकाच जागी, चिंतेसाठी राखावा. ती जागा अंथरूण नसावी. इतर वेळी चिंता आली की तिला ‘संध्याकाळी पाच वाजता’ असे सांगून हातातील कामाकडे वळावे. नेमलेल्या वेळी मनातील सारे कागदावर लिहून काढावे आणि त्यातील ज्यावर काही करता येण्यासारखे असेल ते करावे.

३. मन गुंतविणारे काम हाती घ्यावे. नुसते पडून राहणे किंवा डोळ्यांपुढून चित्रे सरकू देणे पुरेसे होत नाही. कॅलिफोर्नियातील केट स्वीनी व त्यांचे सहकारी निकालाची वाट पाहणाऱ्या लोकांचा अभ्यास करीत आले आहेत. आपण किती वेळ बसलो याचे भान राहू नये इतके रमविणाऱ्या कामाने प्रतीक्षा सुसह्य होते, असे त्यांना आढळले. शिवणकाम, बागकाम, पेटीवादन, मुलाला गणित शिकविणे, हिशेबाची वही पुरी करणे. ज्याला जे साधेल ते त्याने निवडावे.

४. शरीराकडे लक्ष द्यावे. रोज चालावे, जेवणाच्या वेळा सांभाळाव्यात, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. भीती दाटून आली की श्वास सावकाश आत घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. शरीराची ताठरलेली सिद्धता यामुळे हळूहळू उतरते.

५. लक्षणांसाठी नियम ठरवावा. एरवी ज्याकडे लक्षही गेले नसते अशी पाठदुखी या दिवसांत रोगाची खूण वाटते. नवीन असलेले, दोन आठवडे टिकून राहिलेले किंवा वाढत चाललेले लक्षण डॉक्टरांना सांगावयाचे. बाकीच्यांची केवळ नोंद ठेवावयाची. रक्तस्राव, श्वास लागणे किंवा तीव्र वेदना असल्यास मात्र थांबू नये. गळ्यावर वारंवार हात फिरवून गाठ चाचपीत राहिल्याने तो भाग दुखू लागतो व भीती वाढते.

हे सर्व करूनही मन शांत झाले नाही, तर त्याचा विषाद मानू नये. स्वीनी यांनी २३० विधिपदवीधरांचा वकिलीच्या परीक्षेनंतरच्या चार महिन्यांत अभ्यास केला. आपली चिंता कमी व्हावी म्हणून त्यांनी केलेले प्रयत्न फारसे यशस्वी झाले नाहीत. परंतु जे वाट पाहताना अधिक तळमळले त्यांना प्रतिकूल निकाल पुढे अधिक चांगल्या रीतीने पेलला. हा अभ्यास परीक्षार्थींचा असला, तरी तळमळ ही दुबळेपणाची खूण नव्हे एवढे त्यावरून म्हणता येते.

घरची माणसे आणि मुले

आपल्याकडे अहवाल प्रथम मुलाच्या किंवा भावाच्या हाती पडतो आणि रुग्णाला काय सांगावयाचे ते घरचे लोक आपसांत ठरवितात. हेतू प्रेमाचा असतो. पण रुग्ण घरच्यांचे चेहरे वाचतो, दाराआडची कुजबूज ऐकतो आणि अहवालात असेल त्याहून भयंकर काही मनाशी रचतो. म्हणून स्कॅनच्या आधीच, मन शांत असताना, रुग्णाला विचारावे : ‘निकाल तुम्हाला सगळा ऐकावयाचा आहे का? कोणाकडून?’ तो जे सांगेल ते पाळावे. या दिवसांत ‘काही होणार नाही’ या आश्वासनापेक्षा ‘भीती वाटणारच, मी बरोबर येतो’ हे शब्द अधिक आधार देतात.

मुलांना काहीच कळत नाही ही समजूत चुकीची आहे. आईच्या तपासणीची तारीख मुलगी मनात मोजीत असते. आपल्या हट्टामुळे किंवा आपण अभ्यास न केल्यामुळे आईला आजार झाला, असे लहान मुले पुष्कळदा धरून चालतात. त्यांना सोप्या शब्दांत तीन गोष्टी सांगाव्यात : हा आजार कोणाच्या वागण्याने होत नाही, तो जवळ बसल्याने लागत नाही, आणि निकाल कळला की तुलाही सांगू. वर्गशिक्षकांना कल्पना दिलेली असल्यास, एरवी हुशार असलेले मूल खिडकीबाहेर का पाहत बसले आहे ते त्यांना उमजते.

साहाय्य केव्हा घ्यावे

थोडी भीती सर्वांनाच वाटते व निकालानंतर ती ओसरते. परंतु निकाल चांगला येऊनही ती महिनोन् महिने टिकली, झोप व काम यांचा नाश करू लागली, तपासणी टाळावयास लावू लागली किंवा जगणे नको असे वाटू लागले, तर तज्ज्ञाकडे जाणे अगत्याचे आहे. अनेक कर्करोग रुग्णालयांत रुग्णास शून्य ते दहा या मापावर आपला मनस्ताप किती ते दाखविण्यास सांगतात. चार किंवा त्याहून अधिक असल्यास पुढील चौकशी केली जाते. हा प्रश्न आपल्याला कोणी विचारला नाही, तर आपणच आकडा सांगावा. उपचार आहेत व ते गुणकारी आहेत. ऑस्ट्रेलियात २२२ व्यक्तींवर झालेल्या एका प्रयोगात, चिंतेकडे लक्ष किती द्यावे व जीवनात आपल्याला मोलाचे काय वाटते हे शिकविणाऱ्या मोजक्या बैठकांनी पुनरुद्भवाचे भय स्पष्टपणे कमी झाले. शरीर सैल सोडण्याच्या नुसत्या शिक्षणापेक्षा त्यांचा परिणाम अधिक होता. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करून मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला घेता येतो.

निकालानंतर

निकाल निर्मळ आला तर आनंद होतो. पण पुष्कळांना त्याबरोबर एक प्रकारची पोकळी व थकवाही जाणवतो. ताठलेले शरीर सैल पडल्याचा तो परिणाम आहे. निर्मळ निकालाचा अर्थही नेमका समजून घ्यावा : यंत्राला दिसू शकेल असे आज काही नाही. काही मिलिमीटरपेक्षा लहान पुंजके त्याला दिसत नाहीत, म्हणूनच पुढची तारीख दिली जाते.

निकालात शंकास्पद ठिपका निघाला, तर तो अखेरचा निर्णय नव्हे. सुईने पेशी काढून तपासणे किंवा काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करणे ही पुढची पायरी असते. आणि रोग खरोखर परतला असेल, तर अनिश्चिततेचा काळ संपून कृतीचा काळ सुरू होतो. काही कर्करोग दुसऱ्या खेपेसही बरे करता येतात, काही दीर्घकाळ आटोक्यात ठेवता येतात, आणि जेथे दोन्ही शक्य नसते तेथे वेदना कमी करून उरलेला काळ सुसह्य करता येतो. कोणता मार्ग शक्य आहे ते डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

डॅमोक्लिसने राजाची विनवणी करून ते आसन सोडले. कर्करोगातून बऱ्या झालेल्या मनुष्याला ती सवलत नाही. वर पाहतच त्याला पुढील ताटातले अन्न खावे लागते. ते त्याने खावे, आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी त्याच्या पंगतीस बसावे. प्रतीक्षेचे हे दिवसही त्याच्या आयुष्याचेच दिवस आहेत. निकाल कोणताही येवो, ते गमावण्याचे कारण नाही.